उद्योग सुरू झाल्याची तारीख

मी गेली काही वर्षं रद्दी गोळा करतोय. ‘रद्दी’ हा सासूबाईंचा शब्द. मी त्याला पट्टे म्हणतो.

सोलापुरी चादर ज्यांनी फक्त अंगावर घेतलीय त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी छापलेली नसते, विणलेली असते. पूर्वी त्यासाठी आधी ग्राफ काढायचे, म्हणजे चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत नक्षी भरायची. मग तो ग्राफ वाचत वाचत जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. ढोबळ हिशेब असा की आडव्या धाग्याच्या एका फेकीला एक पट्टा. असे चारशे-पाचशे पट्टे ओळीनं दोरीत शिवायचे आणि ती माळ मागाच्या डोक्यावरच्या जेकार्ड नावाच्या यंत्रावर चढवायची. भोक असेल तिथं सुई आत जाते, हूक वर उचलला जातो आणि उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जाकारनं 1804 च्या सुमारास बसवलेली ही युक्ती मी लहान असताना आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात गल्लोगल्ली खडखडत होती. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं, डिझाइन पेन ड्राइव्हवर येतं. पट्टे निघाले भंगारात.

एके संध्याकाळी कामावरून येताना कन्ना चौकाजवळ भंगारवाल्याच्या हातगाडीवर अशीच एक माळ दिसली. वर मोराचा ग्राफ, अर्धा उंदरांनी खाल्लेला. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकर आहे, दिवसभर टॉवेलातले दोष शोधायचे एवढंच काम. त्यामुळं असेल, पण त्या ग्राफमध्ये एक घर चुकीचं रंगवलेलं मला गाडीवरूनच दिसलं. साठ रुपयांना सगळं उचललं. तिथून ते सुरू झालं, किंवा सुरू झालं असं मी समजत होतो.

मग सवयच लागली. बंद पडलेले माग कुणाकडं आहेत ते हुडकायचं, जाऊन बसायचं, चहा प्यायचा, पट्टे आणि ग्राफ मागायचे. घरी आणून पुसायचे, स्कॅन करायचे, फाटलेला भाग उरलेल्या नक्षीवरून भरून काढायचा. कुणी मागितलं तर पाठवून द्यायचं. एकदा एका चादर कारखानदारानं जुनी बॉर्डर नेली, एका पोरीनं कॉलेजच्या प्रोजेक्टला वेलबुट्टी नेली. पैसे कधी घेतले नाहीत. मागावेत असं वाटलंही नाही, आणि खरं सांगायचं तर मागायची लाज वाटायची. लाज कशाची ते पुढं कळलं.

2024 च्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू असताना, दुसऱ्या शहरातल्या एका डिझाइन कॉलेजमधून फोन आला. होम मैदानावर पाळण्यांच्या आवाजात मला निम्मं ऐकूच आलं नाही. बाहेर येऊन परत फोन लावला. त्यांना प्रदर्शनासाठी चाळीस नक्षी हव्या होत्या, नक्षीमागं तीनशे रुपये, आणि विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा, तिचे बारा हजार. एकूण चोवीस हजार. मी हो म्हणालो. रात्री बायकोला सांगितलं तेव्हा तिनं शिलाई मशीन थांबवलं. फेब्रुवारीपासून शाळेच्या गणवेशाचा सीझन असतो, तयारी आधीच सुरू होते, त्या दिवसांत ती मशीन सहसा थांबवत नाही.

“चोवीस? रद्दीचे?”

दोन दिवसांनी त्यांचा फॉर्म आला. पुरवठादार नोंदणी. फर्मचं नाव, उद्यम (म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी) नोंदणीचा क्रमांक, चालू खात्याचा क्रमांक, रद्द केलेला चेक, बिलाचा नमुना. मी फोन करून सांगितलं, मॅडम, माझी फर्म नाही, हा माझा छंद आहे. त्या बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, “सर, छंदाला पेमेंट करायचा कॉलम आमच्याकडं नाही.”

इथून माझी वरात निघाली.

पहिला मुक्काम घराजवळच्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात. पोरगा म्हणाला, उद्यम काढून देतो, पंधराशे रुपये, त्यात सर्टिफिकेट लॅमिनेट करून. मी पैसे काढतच होतो, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरच्या म्हातारबांनी विचारलं, सरकारी फी किती आहे बे त्यात? पोरगा संगणकात बघत राहिला. सरकारी फी शून्य आहे. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू झाली तेव्हापासून ती फुकट आहे, स्वयंघोषणेवर आहे, आधार आणि पॅन लागतं, कागद जोडायचे नाहीत. सरकारी वाटणाऱ्या नावाच्या खासगी वेबसाइटी शोधात वर येतात आणि पैसे मागतात, तेवढं सांभाळायचं. पोरग्यालाही मी दोष देत नाही, पंखा आणि खुर्ची त्याचीच होती. पण उठलो.

दुसरा मुक्काम बँक. बँकेचं नाव सांगत नाही. माझं पगाराचं बचत खातं तिथंच आहे, वीस वर्षं झाली. साहेब म्हणाले, एकल मालकीच्या नावानं चालू खातं उघडायचं तर धंद्याचे दोन पुरावे लागतात, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. उद्यम चालेल, शॉप अॅक्टची, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालची पावती चालेल. महिन्याला सरासरी दहा हजार शिल्लक ठेवावी लागेल. आणि दुकानाच्या पाटीचा फोटो.

“दुकान नाही साहेब. घरातल्या कपाटात आहे सगळं.”

“मग कपाटाच्या बाहेर पाटी लावा.”

ते चेष्टेत म्हणाले असावेत. मी मनावर घेतलं. अशोक चौकात एक पेंटर ओळखीचा आहे, त्याच्याकडं गेलो. त्यानं विचारलं, काय नाव टाकायचं? मी तिथंच उभं राहून एक नाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही, उगाच जाहिरात व्हायची. पेंटरनं बजावलं की नाव देवनागरीतच पाहिजे, 2022 पासून दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झालीय. पिवळ्यावर लाल अक्षरं. साडेसहाशे रुपये. माझ्या धंद्याचा पहिला व्यवहार हा असा खर्चाचाच झाला.

पाटी घेऊन घरी आलो तर समोरचा मित्र गॅलरीत उभा. “काय बे, कशाचं दुकान काढलास?” मी म्हणालो, जुन्या डिझाइनचं. “विकतो काय?” नाही. “मग दुकान कशाचं?” मी जिना चढलो. बायकोनं पाटी बघितली आणि दाराच्या मागं उभी केली. आजही ती तिथंच आहे. तिच्यावर ओली छत्री टेकवतात.

मला खरं शहाणपण मिळालं ते तिसऱ्या मुक्कामाला. नवी पेठेत एका जिन्यावर एका सीएंचं ऑफिस आहे, आमच्या कारखान्यातल्या अकाउंटंटच्या ओळखीनं गेलो. फाइल नेली होती. त्यांनी फाइल उघडलीच नाही.

“आधी मला सांगा, तुम्हाला काय व्हायचंय? धंदा की छंद?”

“कायद्यानं काय आहे ते सांगा ना साहेब.”

ते हसले. म्हणाले, प्राप्तिकराच्या 1961 च्या कायद्यात (तेव्हा तोच चालू होता) धंद्याची व्याख्या कलम 2 च्या पोटकलम 13 मध्ये आहे. व्यापार, वाणिज्य, उत्पादन, आणि व्यापाराच्या स्वरूपाचं कुठलंही ‘अॅडव्हेंचर’. “म्हणजे साहस,” ते म्हणाले. “तुमच्याकडं साहस आहे. व्यापार आहे का ते बघू.” अमेरिकेत म्हणे पाच वर्षांपैकी तीन वर्षं नफा दाखवला तर तो धंदा असं सर्वसाधारण धरलं जातं, नाहीतर नफ्याचा हेतू होता हे करदात्यानं पटवून द्यायचं. आपल्याकडं अशी वर्षं मोजायची फूटपट्टी नाही. काम सातत्यानं चालतं का, कमावण्याच्या हेतूनं चालतं का, ते कसं चालवलंय, हे सगळं मिळून बघतात. तोटा झाला म्हणून धंदा नाही असं होत नाही. नफा झाला म्हणून धंदा आहे असंही नाही.

मग त्यांनी चारच प्रश्न विचारले. किंमत ठरलेली आहे का? वेळेत दिलं नाही तर कुणी तुम्हाला जाब विचारू शकतं का? हिशेब लिहिता का? आणि कुणी फुकट मागितलं तर नाही म्हणता का?

चारही उत्तरं नाही. मी मान खाली घालून सांगत गेलो.

तेव्हा मला माझ्या लाजेचा उलगडा झाला. ‘छंद आहे’ म्हटलं की कुणी तारीख विचारत नाही. त्या कॉलेजच्या पोरीला वेलबुट्टी मी पाच महिने उशिरा दिली होती, तिचं सबमिशन होऊन गेलं होतं, आणि ती उलट मलाच थँक्यू म्हणाली होती. आणि कारखान्यात कुणी चेष्टा केली की मी त्यालाच ‘माझं काम’ म्हणायचो. दोन्ही शब्द मी सोयीनं वापरत होतो.

सीएंनी पुढं व्यवहाराचं सांगितलं ते इथं लिहितो, कुणाला उपयोगी पडेल. चोवीस हजारांसाठी चालू खातं लागत नाही. माणूस स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पॅनवर बिल देऊ शकतो. सेवेला जीएसटीची मर्यादा वर्षाला वीस लाखांची, तिकडं बघायचीही गरज नाही. शॉप अॅक्टचं दहापेक्षा कमी माणसं असतील तर परवाना वगैरे नाही, ऑनलाइन नुसती सूचना द्यायची, तिची पावती मिळते. माझ्या डोक्यात होतं की एवढ्या वर्षांचा खर्च दाखवून पगारावरचा कर वाचेल. ते त्यांनी लगेच खोडलं. धंद्याचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. वेळेत विवरणपत्र भरलं तर आठ वर्षं पुढं ओढता येतो, पण फक्त धंद्याच्याच नफ्यासमोर. “आणि एक,” ते म्हणाले, “धंद्याचं उत्पन्न दाखवलं की आयटीआर-1, तो तुमचा पगारदारांचा सोपा फॉर्म, विसरा.”

“म्हणजे उद्यम काढूच नको?”

“काढा की. फुकट आहे. पण सर्टिफिकेट आलं म्हणून धंदा झाला असं समजू नका. मी असे चारशे मालक बघितलेत.”

फी घेतली नाही. मी विचारल्यावर म्हणाले, पहिली भेट आमचा छंद आहे.

आता जे सांगायचंय ते मला जास्त जड गेलं. ज्यांनी मला ग्राफ दिले त्यांना विचारायला पाहिजे होतं.

दत्त नगरच्या आतल्या बोळात एक अण्णा राहतात. पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच मराठी. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणापासून ग्राफ काढायचे आणि पट्टे पाडायचे. माझ्याकडचा सगळ्यात चांगला माल त्यांचाच आहे, तीन पोती. त्यांनी तो दिला तेव्हा मी शपथेवर सांगितलं होतं, अण्णा, मी विकणार नाही, नुसता जपणार.

गेलो. ते कॉटवर बसून शेंगा सोलत होते.

“एमि रा (काय रे), नवा ग्राफ सापडला काय?”

मी सगळं सांगितलं. कॉलेज, तीनशे रुपये, चोवीस हजार. शपथेची आठवण करून दिली. ते भावुक होतील, नाही म्हणतील किंवा ‘लेकरा, घे’ म्हणतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी विचारलं, “चाळीसमधले माझे किती?”

“चौदा.”

“चौदा त्रिक बेचाळीस. बेचाळीसशे.” शेंगा सोलायचं थांबलं नव्हतं. “मी काढायचो तेव्हा एका ग्राफला आठ-आठ दिवस लागायचे. नक्षी चालली तर शेठ दिवाळीला चादर द्यायचा. नाही चालली तर ग्राफचे पैसे कापायचा.”

मी म्हणालो, अण्णा, तुमचं नाव खाली टाकणार आहे प्रदर्शनात.

“टाक की. पण पैशाचं काय?”

मी गडबडलो. निम्मे, म्हणालो. ते म्हणाले, बरं. मग मीच विचारलं, फुकट दिलं होतंत ना तेव्हा? ते माझ्याकडं बघून म्हणाले, “तेव्हा रद्दीवाला किलोवर मागत होता. त्याच्यापेक्षा तू बरा वाटला म्हणून दिलं. फुकट कशाला देईन? तू मागितलाच नाहीस भाव.”

ह्या वाक्यावर मी परत येताना भय्या चौकापर्यंत चालत गेलो, रिक्षा न करता. घर उलट्या दिशेला आहे हे तिथं पोचल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या एका घरी उलट झालं. तिथले मालक वारलेत, मुलगा मोबाइलच्या दुकानात काम करतो. तो म्हणाला, काका, तुम्ही आवड म्हणून मागितलं म्हणून आईनं दिलं. धंद्याला दिलं नसतं. परत द्या. मी समजवायला लागलो, की कायद्यानं या जुन्या नक्षीवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. डिझाइनच्या 2000 च्या कायद्यात नोंदणी केली तर दहा वर्षं, वाढवून पंधरा वर्षं संरक्षण मिळतं, आणि यांनी तर नोंदवलंच नव्हतं. बोलता बोलता मलाच माझा आवाज शेठसारखा वाटला. दोन खोकी रिक्षात घालून परत नेऊन दिली. सात नक्षी गेल्या. स्कॅनही पुसले, त्याच्या समोर. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही. ती खोकी त्यांच्या माळ्यावर आहेत आणि तिथं पाणी गळतं, हे मला ठाऊक आहे.

कॉलेजला कळवलं, तेहतीस नक्षी मिळतील. नऊ हजार नऊशे आणि बारा हजार, एकवीस हजार नऊशे. त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

मग एका रविवारी रात्री उद्यमचा फॉर्म भरायला बसलो. बायको शेजारी मशीनवर. फॉर्म सोपा आहे. आधार, मोबाइलवर ओटीपी, पॅन, पत्ता, बँक खातं. माझं बचत खातंच टाकलं. पहिला अडखळा कामाच्या प्रकाराचा. एनआयसी नावाचे सांकेतिक क्रमांक असतात, प्रत्येक धंद्याला एक. 74 च्या गटात डिझाइनची कामं येतात. 91 च्या गटात ग्रंथालयं, दप्तरखाने, संग्रहालयं. मी 91 कडं बघत बसलो. मला तेच व्हायचं होतं. संग्रहालय. पण संग्रहालयानं तीनशे रुपयांना नक्षी द्यायची म्हटलं की परत तोच घोळ. ते मनापासून करायचं तर न्यास काढा, धर्मादाय आयुक्तांकडं नोंदवा, विश्वस्त गोळा करा, दरवर्षी हिशेब सादर करा. मी 74 निवडलं. दोन मिनिटं वाईट वाटलं.

मग आला तो चौकोन. उद्योग सुरू झाल्याची तारीख.

पाऊण तास गेला. भंगारच्या गाडीवर माळ दिसली तो दिवस? त्या दिवशी मी साठ रुपये घातले होते, मिळवले नव्हते. पहिली नक्षी कारखानदाराला दिली तो? ती फुकट होती. कॉलेजचा फोन आला तो? पाटी रंगवली तो? मी मोठमोठ्यानं बोलत होतो बहुतेक, कारण बायको म्हणाली, “अहो, आजची टाका आणि झोपा.” आजची टाकली.

पुढचा रकाना माणसांचा. पुरुष किती, स्त्रिया किती. मी पुरुष एक, स्त्रिया शून्य लिहिलं. ती दोरा ओवता ओवता स्क्रीनकडं बघत होती.

“शून्य?”

“अगं, नोकर किती ते विचारलंय.”

“तीन माळा तुटल्या होत्या त्या कुणी शिवल्या? बाराशे पट्टे. बोटं बघा माझी.”

शून्य खोडून एक केलं. मग ती उठली आणि कपाटातून एक वही आणली. मला माहीतच नव्हतं की अशी वही आहे. माझ्या रद्दीवर घरातून गेलेला एकेक पैसा तारखेसकट लिहिलेला. जुना मोठा स्कॅनर, साडेअकरा हजार. हार्ड डिस्क. प्लास्टिकची खोकी. डांबराच्या गोळ्या. रिक्षा, रिक्षा, रिक्षा. एकूण त्र्याऐंशी हजार चारशे साठ. समोरच्या पानावर जमा: एक टॉवेल सेट, एक शाल, दोन नारळ. सीएंचा तिसरा प्रश्न, हिशेब लिहिता का, त्याचं उत्तर हो होतं. मला विचारून उपयोग नव्हता एवढंच.

सर्टिफिकेट लगेच आलं. वर अशोकस्तंभ, खाली क्यूआर कोड, मधे माझं नाव आणि ‘सूक्ष्म’. त्या वेळी यंत्रसामग्रीत एक कोटीपर्यंत गुंतवणूक आणि पाच कोटींपर्यंत उलाढाल असेल तो सूक्ष्म. म्हणजे मी आणि चार कोटींचा टॉवेलवाला एकाच रांगेत. प्रिंट काढून कारखान्यात दाखवली. आमच्या शेठनी चष्मा वर करून वाचली, म्हणाले, आमच्या डिझाइनला हात लावू नको म्हणजे झालं. तेवढंच.

कार्यशाळा झाली मार्चच्या सुरुवातीला, चांगली झाली. पोरांना पट्टा हातात दिला की आधी ती उजेडाकडं धरून भोकातून बघतात, सगळीच. पैसे मात्र येईनात. एप्रिल संपत आला. मी बिल पाठवलं होतं, पोच होती. आधी छंद होता तेव्हा पैशाची वाट बघायचा त्रास नव्हता हे आठवून मला हसू यायचं आणि रागही यायचा.

त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडच्या कापडाच्या बाजारात एकच चर्चा होती, पंचेचाळीस दिवस. एमएसएमईचा, म्हणजे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा 2006 चा कायदा आधीपासून सांगतोच, की सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यायचे. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण 2023-24 या आर्थिक वर्षापासून त्यात प्राप्तिकराचीही मेख बसली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही. आमच्या शेठकडं येणारे काही व्यापारी उघड म्हणायचे, उद्यम नसलेला बघा, उधारीला तोच बरा. सीएंनी सुचवलं म्हणून मी कॉलेजला दोन ओळींचं पत्र पाठवलं, उद्यम क्रमांक घालून, ‘मुदतीबाबत विचार व्हावा’ एवढंच. नऊ दिवसांत पैसे आले. पत्रामुळं आले की त्यांचं आर्थिक वर्ष मिटलं म्हणून, देव जाणे.

अण्णांना एकवीसशे पाकिटात घालून दिले. त्यांनी दोनदा मोजले. “पावती लिहून घे,” म्हणाले. मी म्हणालो, अण्णा, तुमच्याकडून कशाला. “धंदा काढलास ना? मग घे.” त्यांनी सही तेलुगूत केली.

त्याच संध्याकाळी घरी आलो तर बायको कपड्यांचा गठ्ठा बांधत होती. हाफ पँटी. तिचा ठेकेदार कापलेला माल आणून देतो, ती शिवून देते, नगाला चौदा रुपये. काज-बटन दुसरीकडं होतं. पैसे शनिवारी. म्हणजे शनिवार सांगतो, कुठला ते सांगत नाही. त्या वेळी त्याच्याकडं तिचे सात हजारांवर अडकले होते, होळीच्या आधीचे.

मी पत्राची गोष्ट रंगवून सांगत होतो. तिप्पट व्याज, पंचेचाळीस दिवस. ती ऐकत होती.

“मला पण लागू आहे का ते?”

मी गप्प झालो. सहा वर्षं एक रुपया न मिळवलेल्या माझ्या रद्दीला सरकारी क्रमांक होता, घरात पाटी होती, सीए होता. आणि रोजच्या खडखडाटाला, ज्याच्यावर पोराची फी निघाली, माझ्या स्कॅनरचे साडेअकरा हजार निघाले, त्याला आम्ही ‘ती घरी शिवते’ म्हणत होतो. तो धंदा आहे की नाही असा प्रश्न मला, तिला, कुणालाच कधी पडला नव्हता.

“नोंदणी केली तर लागू होईल,” मी म्हणालो. “पण त्याला पत्र पाठवलं तर तो पुढचा माल देईल का?”

“नाही देणार,” ती म्हणाली. “पुढच्या गल्लीत पन्नासजणी आहेत.” गठ्ठ्याची गाठ आवळली. “पत्र नाही पाठवायचं. पण काढून तर ठेवा.”

म्हणून परत फॉर्म उघडला. तिचं आधार, तिचं पॅन. कामाचा गट 14, तयार कपडे. उद्योगाचं नाव विचारलं तर म्हणाली माझंच टाका, आधारवर आहे तसं पूर्ण. माणसं: स्त्रिया एक, पुरुष शून्य. मी शून्यावर थोडा थांबलो. कधीतरी गठ्ठे मीही पोचवले होते. पण बोललो नाही.

सुरू झाल्याची तारीख.

“17 जून 2014,” ती म्हणाली. मी अजून बोट की-बोर्डवर ठेवलं नव्हतं. “मंगळवार होता. शाळा सुरू झाली होती, दप्तर घ्यायचं होतं. पहिले बारा नग.”

ओटीपी तिच्या फोनवर आला. तिनं आकडे एकेक करून वाचून दाखवले आणि मशीनवर जाऊन बसली. चौतीस नग बाकी होते.